दोहात भेटलेली मावशी

आमच्या याडीला, म्हणजे आईला, कोणाच्या शेजारी नुसतं बसता येत नाही. एसटी असो, दवाखान्याचा बाक असो, पोहरादेवीच्या यात्रेतली रांग असो, टेकली की पहिला प्रश्न ठरलेला, "कोन्या गावच्या वं तुमी?" गाव कळलं की तांडा, तांडा कळला की कोणाची लेक, कोणाची सून. समोरची बाई आमच्या बंजारा समाजाची निघाली तर मग गोत आणि पाडा, म्हणजे गोताची पोटशाखा. एवढं झाल्यावरच ती हातातली पिशवी खाली ठेवते. मला लहानपणापासून या गोष्टीची लाज वाटायची. मानोऱ्याच्या स्टँडवर एकदा तिनं एका कंडक्टरच्या आजोळापर्यंत चौकशी नेली आणि तो बिचारा गाडी सोडायचं विसरून गेला. ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय आणि हा सांगतोय, मामा आमचे दिग्रसकडचे.

तिचं नाव सुंदरबाई राठोड. माझ्या बाळंतपणाला जर्मनीत यायची ठरली तेव्हा मी फोनवर बजावलं, "याडी, विमानात कोनाले गाव विचारू नको. तिकडच्या लोकाईले आवडत नाई."

"बरं," ती म्हणाली.

फ्रँकफर्टला ती बाहेर आली ती एका म्हाताऱ्या पंजाबी बाईबरोबर, दोघी मिळून एकच ट्रॉली ढकलत. बाईला मराठी येत नव्हतं आणि याडीचं हिंदी बाजारहाटापुरतं. तरी मला पाहताच ती म्हणाली, "हे बलजीत. जालंधरजवळची. हिची सून कामाची हाय, पन भाजी जाळते." मी कपाळावर हात मारला. बलजीत आजींनी मला जवळ घेतलं आणि पोटावर हात ठेवून आशीर्वाद दिला. पुढे बाळाचं बारसं होईपर्यंत याडी अधूनमधून विचारायची, बलजीतच्या सुनेचं काय झालं असेल.

एक सांगून ठेवते. घरात आम्ही गोरबोलीत बोलतो. ती इथं लिहिली तर निम्म्या वाचकांना कळायची नाही, म्हणून तिचं बोलणं मी वऱ्हाडीत लिहिते आहे. बाजारात, शेतात, शाळेच्या मास्तरशी ती याच भाषेत भांडते, तेव्हा हीसुद्धा तिचीच.

मी कासेलच्या एका इस्पितळात परिचारिका आहे. नवरा, बादल, गोदामात कामाला. आमच्या घरापासून जवळ एक बाग आहे. तिथल्या बाकावर याडीनं आठवड्याभरात एमिने नावाची तुर्की आजी शोधली. दोघी सूर्यफुलाच्या बिया सोलत बसायच्या. भाषा एकीची दुसरीला कळत नव्हती. तरी एमिनेला लेकी किती, त्यातली कोणती लाडकी आणि कोणती नुसतीच जवळ राहते, हे याडीला ठाऊक होतं. कसं, ते मला विचारू नका.

आता तिच्या दुसऱ्या गुणाकडे येते. त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

आमच्यात बायका एकट्या रडत नाहीत. लांबची नातलग बऱ्याच दिवसांनी भेटली, त्यातून मधल्या काळात कोणी गेलेलं असलं, तर दोघी एकमेकींच्या गळ्यात पडतात. हिची मान तिच्या खांद्यावर, तिची हिच्या. आणि सुरात रडतात. एकीनं ओळ म्हणायची, दुसरीनं ती उचलायची. गेलेलं माणूस कसं चालायचं, काय खायचं, कशावरून चिडायचं, सगळं त्यात येतं. परक्याला वाटतं गाणं चाललंय. डोळ्यांतलं पाणी मात्र खरं असतं. मन भरेपर्यंत रडायचं, मग तोंड धुवायचं, चहा घ्यायचा आणि औंदा सोयाबीन कसं पिकलं ते विचारायचं. ज्या बाईच्या गळ्यात पडून रडायला कोणी नाही, तिच्यासारखी गरीब बाई आमच्यात दुसरी नाही.

याडीचं रडणं आसपासच्या तांड्यांत नावाजलेलं आहे. कारण ती खोटं रडत नाही. गेलेल्या माणसाला देव करायची तिला सवय नाही. सेवादासकाका गेले तेव्हा काकूच्या गळ्यात पडून तिनं सुरात विचारलं, आमची शिडी तुम्ही नेली, आता ती परत कोण आणून देईल, पायरी मोडली म्हणून लाजून लपवली होती, मला माहीत होतं हो. काकू रडता रडता फिसकन हसली. आणि त्यानंतर जी रडली, ती पहिल्यांदा खरी रडली. तोवर बिचारी नुसती बसून होती.

मला यातलं काही येत नाही. आईबाप ऊसतोडीला गेले की मी आश्रमशाळेत. तिथं रडायचं तर उशीत तोंड खुपसून, बाईंना ऐकू जाणार नाही असं. तीच सवय राहिली. मी रडते तेव्हा फक्त नाक लाल होतं.

बाळ होऊन थोडेच दिवस झाले होते आणि अंजूचा फोन आला. अंजू माझी मावसबहीण, गोजरामावशीची एकुलती एक लेक. मावशी शेतातून आली, पाणी प्याली आणि बसल्या जागी गेली.

गोजराबाई याडीपेक्षा थोडीच मोठी. दोघी एका टोळीत ऊस तोडायला जायच्या, एका पालात निजायच्या. मावशीला आसेगावकडच्या तांड्यात दिलं आणि याडीला मानोऱ्याकडे, तरी सणवार, लग्नकार्य, भांडण, काहीही निमित्त काढून भेटायच्या. भांडणाचं निमित्त जास्त असायचं.

फोन ऐकून याडी उभीच राहिली. मग तिनं पदर तोंडावर घेतला आणि मोकळा गळा काढला. "मारी भेन ये..." माझी बहीण गं. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, भिंती पातळ, आणि त्या इमारतीत लोक जिनासुद्धा हळू उतरतात. बाळ दचकून रडायला लागलं. मी बाळाला घेऊ की हिला धरू, या गडबडीत असतानाच दारावरची घंटा वाजली. पोलीस. खालच्या मजल्यावरच्या बाईंना वाटलं होतं कोणीतरी कोणाला मारतंय. त्यांनाही काय बोलणार? भिंतीपलीकडून तसा आवाज आला असता तर मीही फोन केला असता.

दोघं पोलीस सज्जन होते. मी सांगितलं, आईची बहीण गेली. त्यांनी टोप्या काढल्या, दुःख झालं म्हणाले आणि गेले. पण याडी वर्दी पाहूनच भिंतीला चिकटली होती. पदराचा बोळा तोंडात. तिच्या आजीच्या काळात आमची जमातच गुन्हेगार ठरवलेली, लोकांना ठाण्यात हजेरी लावावी लागायची. तांड्यावर वर्दी आली की आधी बायकापोरांचा आवाज बंद करायचा, ही आजीची शिकवण हिच्या हाडात होती. दार लागल्यावरही ती कुजबुजत होती, "तुह्यावर काई येईन वं माह्या रडन्यानं. तुह्यी नोकरी जाईन."

"काई नाई होत याडी. रड तू."

पण ती रडली नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही, त्यानंतरही नाही. मी म्हटलं, तुला गावी पाठवते. तिनं माझ्याकडे पाहिलं, पाळण्याकडे पाहिलं, म्हणाली, "वल्या बाळंतिनीले टाकून कुठं जाऊ?" आणि राहिली. बाळाला तेल लावलं, शेक दिला, मला डिंकाचे लाडू करून घातले. कामात कुठंच कमी नाही. फक्त ती कोणाला गाव विचारेनाशी झाली. ट्राममध्ये माणसाशेजारी बसायची आणि खिडकीबाहेर बघायची. बागेत एमिनेनं लांबून हात केला, तर नुसती मान हलवून पुढे गेली. मला आयुष्यभर तिच्या ज्या सवयीचा वैताग यायचा ती गेली, आणि मी घाबरले.

एका रविवारी तिला शहराबाहेरच्या जंगलात घेऊन गेले. चिटपाखरू नव्हतं. म्हटलं, "इथं रड. कोनी येत नाई." ती मोठमोठ्या झाडांकडे बघत राहिली.

"कोनाच्या गळ्यात पडू? या झाडाच्या?"

"माह्या."

पडली माझ्या गळ्यात. "गोजरा..." म्हणाली आणि थांबली. पुढची ओळ मी उचलायची होती. मला ओळ कुठून येणार? मी नाक ओढत तिची पाठ थोपटत राहिले, इस्पितळात पेशंटच्या नातेवाइकांची थोपटते तशी. तेवढ्यात एक पळणारा माणूस थांबून विचारायला लागला, सगळं ठीक आहे ना. मी त्याच्यावर अशी खेकसले की तो आल्या वाटेनं पळत सुटला.

परत येताना याडी ट्राममध्ये हळूच बोलली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मनातलं बोलली. "रीता, माह्यं रडू आटलं वं. अंजू फोनवर रडून नाई राह्यली. म्हन्ते, मावशी येईन तवाच रडीन. घरी गेल्यावर ते लेकरू माह्या गळ्यात पडीन, अन् मी कोरडीच उभी राह्यली त? काय म्हनन ते? मावशीले माह्या मायचं काईच नाई वाटलं?"

खिडकीबाहेर बघण्याची पाळी माझी होती.

तिचा व्हिसा संपत आला तेव्हा मी बाळाला घेऊन तिच्याबरोबरच निघाले. फ्रँकफर्टहून दोहा, दोहाहून नागपूर. दोहाच्या विमानतळावर बराच वेळ काढायचा होता. दुपार होती. चकचकीत फरशी, अत्तरांची दुकानं, घासून घासून पुसणारी माणसं. नागपूरच्या गेटजवळ बाक धरून बसलो. बाळ माझ्या छातीशी बांधलेलं. जसजसं गाव जवळ येत होतं तसतशी याडी आखडत चालली होती. विमानात जेवली नव्हती.

आमच्या मागच्या बाकावर एक बाई फोनवर बोलत होती. काळा बुरखा काढून हातावर टाकलेला, अंगात फुलाफुलांचा पंजाबी ड्रेस, पायाशी चिकटपट्टीनं आवळलेली भली मोठी बॅग. लेकराशी बोलत असावी. "आवरीचू, आवरीचू," म्हणत होती.

आवरीचू म्हणजे येतेय. गोरबोलीत.

याडीची पाठ ताठ झाली. ती सावकाश वळली. मी धास्तावून बघत होते. बाईनं फोन ठेवला. आणि कित्येक आठवड्यांनी मी तो प्रश्न ऐकला.

"कोन्या तांड्याची वं तू?"

बाईनं झटकन वर पाहिलं. याडीच्या हनुवटीवरचं गोंदण पाहिलं, आणि तिचा चेहराच बदलला. तेलंगणातली, कामारेड्डीकडची. नाव सोमली. कुवेतमध्ये एका घरी स्वयंपाकाला होती, बुरखा तिथल्या रीतीचा, आता हैदराबादच्या विमानाची वाट बघत होती. तिला मराठी येत नव्हतं, आम्हाला तेलुगू येत नव्हतं. पण गोरबोली तीच, फक्त हेल वेगळा. याडी तिच्या बाकावर जाऊन बसलीसुद्धा. गोत निघालं. सोमली म्हणाली, माहेर मूड. याडीनं मांडीवर हात मारला. आमच्याकडे मूडवाले आडनाव चव्हाण लावतात, पण चव्हाणांतही पाडे असतात आणि याडीचं माहेर मूड पाड्यातलंच. म्हणजे दोघी एका पाड्याच्या लेकी. बहिणी.

"मोठी भेन मी तुह्यी," याडी म्हणाली. "सगळे बरे हायेत ना घरी?"

सोमलीचा चेहरा पडला. तिची आई वर्षभरामागं गेली होती. मालकिणीनं जाऊ दिलं नाही. करार संपल्याशिवाय जाता येत नाही म्हणाली. सोमली स्वयंपाकघरात धूर ओढणारा पंखा मोठा करून रडायची. पंखा बंद झाला की रडू बंद. आता करार संपवून ती घरी निघाली होती, जिथं आई नव्हती.

"अन् तुमच्या घरी?" तिनं विचारलं.

"माह्यी भेन," याडी एवढंच म्हणाली.

पुढं काय झालं ते माझ्या डोळ्यांसमोर झालं, तरी नीट सांगता येत नाही. सोमली उठली. याडीही उठली. कोणी कोणाला विचारलं नाही. सोमलीनं याडीच्या गळ्यात हात टाकले आणि तिच्या खांद्यावर मान ठेवून सूर लावला. "मारी याडी ये..." तिच्या आईचं नाव केसली. ओढा उतरताना मला खांद्यावर घ्यायची, सोमली रडत होती, शाळेचं दप्तर डोक्यावर आणि मी खांद्यावर.

आता याडीनं ओळ उचलायची होती. ती तशीच उभी. कोरडी. मग तिचे ओठ हलले, आणि घोगरा, गंजलेला आवाज बाहेर आला. केसली ये, ओढा ओलांडलास तू, आम्हाला अलीकडे ठेवून गेलीस.

बस्स. आवाज फुटला. न पाहिलेल्या बाईसाठी फुटला. ती केसलीला हाका मारत होती, सोमली ओळ उचलत होती, आणि कुठल्या तरी ओळीत केसलीची गोजरा झाली. मला तो क्षण कळलासुद्धा नाही. एकदम ऐकू आलं, गोजरा ये, पालात माझ्या वाटेचं पांघरूण ओढायचीस, आता सगळं पांघरूण मलाच, ऊब कशी लागत नाही? आणि सोमली, जिनं गोजरामावशीला कधी पाहिलं नाही, ती उचलत होती, ऊब कशी लागत नाही गं बाई, ऊब कशी लागत नाही.

सगळं गेट आमच्याकडे वळलं होतं. कोणीतरी मोबाइल काढला. मी त्या माणसासमोर जाऊन उभी राहिले, बाळासकट, आणि तो खिशात घालेपर्यंत हलले नाही. तेवढ्यात वर्दीतला सुरक्षारक्षक आला. नेपाळी असावा. वर्दी पाहून मला वाटलं, आता ही परत भिंतीला चिकटते. मी पुढे होऊन त्याची वाट अडवली.

"क्या हुआ? कोई मर गया?" त्यानं विचारलं.

"हाँ."

"किसका?"

"दोनों का."

त्यानं त्यांच्याकडे पाहिलं. मग तो आमच्याकडे पाठ करून उभा राहिला, आणि जवळ येणाऱ्या माणसांना हातानं पलीकडून जायला सांगत राहिला. याडीनं डोळे उघडले तेव्हा तिला वर्दी दिसली होती, हे तिनं मला नंतर सांगितलं. वर्दीची पाठ दिसली म्हणून रडत राहिले, म्हणाली.

रडून झालं. दोघींनी नळावर जाऊन तोंड धुतलं. मी कागदी पेल्यांतून चहा आणला, आणि लगेच दोघी सोमलीच्या नवऱ्याच्या मक्याबद्दल बोलायला लागल्या, जणू काही झालंच नव्हतं. मग याडी मुद्द्यावर आली.

"सोमली, असं कर. तू तुह्या तांड्यात जाशीन, बाया गळ्यात पडतीन. तुह्या याडीचं झालं की माह्या गोजराले पन रड. मी आमच्याकडं तुह्या याडीले रडतो."

सोमलीला त्यात काही नवल वाटलं नाही. तिनं फक्त विचारलं, "गोजराबाई कशी होती?"

रडायचं तर माणूस माहीत हवं. मग दोघी आपापलं माणूस दुसरीला देत बसल्या. गोजरा डावखुरी होती, पालीला घाबरायची, मुकादमाच्या तोंडावर त्याची नक्कल करायची, रुसली की जेवायची जास्त. केसली शेळ्यांना आधी घालायची आणि मग स्वतः खायची, भिंगाचं, म्हणजे आरशाच्या टिकल्यांचं, भरतकाम तिच्यासारखं कोणाचं नव्हतं, चहात साखरेबरोबर चिमूटभर मीठ टाकायची, आणि विचारलं तर सांगायची की जिभेला जाग येते. याडी डोळे बारीक करून ऐकत होती, बाजारात बियाणं पारखताना करते तसे.

हैदराबादच्या विमानाची हाक आली. सोमलीनं बाळाच्या गालाला हात लावला, याडीच्या पायाला लावला आणि बॅग ओढत गेली. एकदा वळून बघितलं. ती दिसेनाशी झाल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला आणि मी किंचाळलेच, "याडी! नंबर घेतला नाई तिचा!"

"नंबर कायले?"

"अवं, तिनं गोजरामावशीले रडलं का नाई, कसं कळन आपल्याले?"

याडीनं माझ्याकडे खुळीकडे बघावं तसं पाहिलं. "भेन हाय ते माह्यी," ती म्हणाली आणि डब्यातली दशमी काढून खायला लागली.

नागपूरहून समृद्धी महामार्गानं कारंज्याला उतरलो. मला वाटलं होतं आधी घरी जाऊ, आंघोळ करू, बाळाला टेकवू. याडी म्हणाली, आधी आसेगाव. आधी अंजू.

तांड्याच्या तोंडाशी गाडी थांबली तेव्हा बातमी आमच्या आधी पोहोचली होती. दाराशी बाया जमलेल्या. मधोमध अंजू, वाळलेली, डोक्यावरचा पदर सारखा करत. याडी गाडीतून उतरली आणि मी तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. दोहातलं दोहात राहिलं तर? एकदा फुटलेला आवाज परत बसला तर? अंजू दोन पावलं पुढे आली आणि लहान पोरीसारखी तिच्या गळ्यात पडली.

आणि याडी रडली. असं रडली की रस्त्यापलीकडच्या शेतात निंदणाऱ्या बाया खुरपी टाकून आल्या. पांघरूण आलं, पाल आली, मुकादमाची नक्कल आली. रुसल्यावर जास्त जेवायची म्हटल्यावर अंजू हुंदक्यातच हसली आणि मग जे इतके दिवस फोनवर दाबून ठेवलं होतं ते सगळं तिनं मावशीच्या खांद्यावर सांडलं. मी खांबाला टेकून उभी होते. माझ्या मानेवरचं ओझं उतरल्यासारखं मला झालं.

सूर ओसरला. कोणीतरी पाण्याचा तांब्या पुढे केला. याडीनं तो हातानं मागे सारला.

"थांबा. अजून एक हाय."

बायांनी एकमेकींकडे पाहिलं. याडीनं अंजूला परत जवळ ओढलं आणि सूर लावला. केसली ये, मारी याडी ये, ओढ्यावरून लेकीला खांद्यावर नेलंस. केसली कोण, कोणालाच ठाऊक नव्हतं. पण मूड पाड्याची सुंदर जिला याडी म्हणून रडतेय, ती परकी कशी असेल? अंजूनं ओळ उचलली. तिच्या मागे एक म्हातारी आली, मग बाकीच्या. शेळ्या आल्या, भिंगाचं भरतकाम आलं. आणि मग याडी अडली.

ती पुढचं विसरली होती. वय झालंय, प्रवास झालाय, रात्रभर झोप नाही. तिनं "केसली ये..." दोनदा म्हटलं, डोळे उघडले आणि बायांच्या डोक्यांवरून थेट माझ्याकडे पाहिलं. तिथं मी एकटीच होते जिनं ते ऐकलं होतं.

मी गप्प राहिले असते तर कोणाला काही कळलं नसतं. सूर तिथंच संपला असता, चहा आला असता. पण तिकडे कामारेड्डीकडच्या एका तांड्यात कदाचित याच दिवशी सोमली माझ्या मावशीला रडत होती, डावखुरी होती गं, पालीला घाबरायची गं, आणि ती अडली तर तिथं सांगायला कोणी नव्हतं. इथं तोंड खुपसायला उशी नव्हती.

"चहात मीठ टाकायचीस ये, केसली ये," मी म्हटलं. आवाज फाटला होता, सूर खाली होता. "आता जिभेला जाग कोण आणील?"

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मग याडीनं माझी ओळ उचलली, अंजूनं उचलली, सगळ्या बायांनी उचलली. कोणीतरी मला खांबापासून ओढून आत घेतलं. मी कोणाच्या खांद्यावर मान ठेवली होती तेही मला माहीत नाही, आणि बाळ आमच्या मध्ये दाबलं जाऊन निवांत झोपलं होतं.

नंतर सगळ्यांनी तोंडं धुतली. अंजूनं चहा आणला. म्हातारीनं विचारलं, केसली कोण, आणि याडी दोहाची गोष्ट सांगायला लागली, गेट, बुरखा, वर्दीची पाठ. मध्येच थांबून तिनं माझ्याकडे वळून पाहिलं, डोक्यापासून पायापर्यंत, जशी पहिल्यांदाच बघतेय.

"रडली चांगली," ती म्हणाली. "सूर तेवढा वर धरत जाय."